शंका घ्यायची ती कुणावर?

पत्र : आम्ही गेली अकरा वर्षे न्यू जर्सीत राहतो. मुलगी दुसरीत आहे. येथील शाळांत दर महिन्याला आगीच्या सरावाबरोबर सुरक्षेचाही एक सराव होतो. दिवे बंद करून, दाराला कुलूप लावून मुलांना लांबच्या कोपऱ्यात गप्प बसवतात. गेल्या महिन्यात सरावाच्या दिवशी घरी आल्यावर तिने विचारले, “खरंच कुणी बंदूक घेऊन आलं तर?” त्यावर माझ्या नवऱ्याने तिला सांगितले की असे कधी काही घडलेलेच नाही, कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेतला २०१२ चा गोळीबार हे सरकारने रचलेले नाटक होते. मुलीने ते वर्गात सांगितले आणि शिक्षिकेचा मला फोन आला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. नवरा शिकलेला आहे, चांगल्या नोकरीत आहे, एरवी शांत आहे. पण तीनेक वर्षे रात्री एक-दोनपर्यंत जागून तो हेच व्हिडिओ पाहतो. मी काही बोलले की म्हणतो, “युवाल्डीत पोलीस साऱ्या जगासमोर खोटं बोलले, हे तुला मान्य आहे ना? मग त्याआधी दहा वर्षांपूर्वी ते खरं बोलले, हे कशावरून?” याला माझ्याजवळ उत्तर नाही. त्याचे चुकते आहे हे मला कळते, पण नेमके कुठे, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. मी काय करावे?
— एक वाचक, न्यू जर्सी

सप्रेम नमस्कार.

आपल्या यजमानांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. तो टाळून त्यांच्याशी पुढे काही बोलता येणार नाही, आणि तो टाळावा इतका फालतूही नाही. युवाल्डीत अधिकाऱ्यांनी लोकांना खोटे सांगितले, हे खरे आहे. आपण ते त्यांच्यासमोर आधीच मान्य करून टाकावे, तेही हातचे काही न राखता. वादात समोरच्याचे खरे असलेले मान्य करायला आपण कचरलो, की त्याचे खोटे असलेलेही त्याला खरे वाटू लागते.

२४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्या युवाल्डी या लहानशा गावात, रॉब प्राथमिक शाळेत अठरा वर्षांच्या एका तरुणाने १९ मुलांना आणि दोन शिक्षिकांना ठार मारले. दुसऱ्या दिवशी राज्याचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी पत्रकार परिषदेत पोलिसांच्या धैर्याची वाखाणणी केली आणि त्यांनी तत्परता दाखवली नसती तर याहून वाईट घडले असते, असे सांगितले. शाळेच्या पोलिसाने हल्लेखोराला इमारतीबाहेर गाठले होते, अशी माहिती देण्यात आली. एका शिक्षिकेने बाहेरचे दार उघडे अडकवून ठेवल्यामुळे तो आत शिरला, असेही पुढे सांगण्यात आले. यातले एकही विधान टिकले नाही. त्याला बाहेर कुणीही अडवले नव्हते. शिक्षिकेने दार ओढून घेतले होते, त्याचे कुलूप मात्र लागले नाही. म्हणजे जिने आपले काम केले होते तिच्यावर दोष गेला, आणि ज्यांनी केले नव्हते त्यांच्या वाट्याला शाबासकी आली.

हल्लेखोर सकाळी ११ वाजून ३३ मिनिटांनी इमारतीत शिरला आणि पहिले पोलीस त्यानंतर तीन मिनिटांत आत पोहोचले. हल्लेखोर मारला गेला तो १२ वाजून ५० मिनिटांनी. मधल्या सत्याहत्तर मिनिटांत वेगवेगळ्या खात्यांचे मिळून ३७६ पोलीस आणि अधिकारी त्या शाळेत आणि तिच्या आवारात जमले होते. कॉरिडॉरमध्ये ढाली होत्या, रायफली होत्या, चिलखती जाकिटे होती. नव्हता तो कुणाचा हुकूम. १२ वाजून ३ मिनिटांनी ११२ क्रमांकाच्या वर्गातून एका मुलीने दबक्या आवाजात आपत्कालीन क्रमांकावर फोन केला, आणि त्यानंतरही त्या वर्गातून फोन येतच राहिले. बाहेर कुंपणापाशी आईबाप पोलिसांना आत जाण्यासाठी विनवीत होते आणि पोलीस त्यांनाच मागे रेटत होते. वर्गाच्या दाराच्या किल्ल्या शोधण्यात वेळ गेला, असे सांगण्यात आले. पण ते दार बहुधा कुलूपबंद नव्हतेच, आणि इतक्या वेळात कुणी त्याची मूठ फिरवून पाहिल्याचा पुरावा मिळाला नाही.

हे सारे बाहेर कसे आले, ते आता लक्ष देऊन पाहावे, कारण आपल्याला हवे असलेले बोट ठेवायचे ठिकाण येथेच आहे. तीनच दिवसांत राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याचे प्रमुख स्टीव्हन मॅक्रॉ यांना, आत न शिरण्याचा निर्णय चुकला, असे जाहीरपणे म्हणावे लागले, आणि आपली दिशाभूल झाल्याचे गव्हर्नरांनाही त्याच दिवशी सांगावे लागले. जून महिन्यात मॅक्रॉ यांनी राज्याच्या सिनेटपुढे पोलिसांच्या साऱ्या कारवाईला सपशेल अपयश म्हटले. १२ जुलैला ऑस्टिनच्या दैनिकाने आणि तिथल्याच एका वाहिनीने त्या कॉरिडॉरमधले चित्रण लोकांपुढे ठेवले. १७ जुलैला टेक्सासच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीचा अहवाल आला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय न्याय खात्याने जवळपास सहाशे पानांचा अहवाल काढला. काही कागदपत्रांसाठी वृत्तसंस्थांना न्यायालयात जावे लागले आणि युवाल्डी शहराने ती ऑगस्ट २०२४ मध्ये दिली. या सगळ्यात शंका घेणारे सर्वांत पुढे कोण होते? ज्यांची मुले गेली ते आईबाप. दर बैठकीला येऊन, मुलांची छायाचित्रे हातात धरून ते विचारीत होते की किती मिनिटे, कुणाचा हुकूम, दार उघडे होते की बंद. त्यांचा प्रत्येक प्रश्न कुठल्या तरी ठरावीक खुर्चीवर बसलेल्या माणसाला होता, आणि त्याला उत्तर मिळू शकत होते.

त्यामुळे युवाल्डीचा दाखला आपल्या यजमानांच्या बाजूने नाही, तो त्यांच्या विरोधात जातो. अधिकारी खोटे बोलतात ते आपली कसूर झाकण्यासाठी. त्यांचे खोटे लहान असते, स्वतःच्या सोयीचे असते, आणि त्यात आपला माणूस शूर दिसतो. ते टिकतही नाही, कारण ज्यांनी ते पाहिले असे लोक खूप असतात आणि त्या सगळ्यांना ते झाकण्यात सारखेच स्वारस्य नसते. एका शाळेच्या एका कॉरिडॉरमधली सत्याहत्तर मिनिटे टेक्सासच्या यंत्रणेला तीन दिवस झाकता आली नाहीत. तशीच एखादी यंत्रणा कनेक्टिकटमध्ये २६ खोटे मृत्यू रचते, आणि मग त्या मुलांचे आजी-आजोबा, शेजारी, वर्गातून वाचलेली मुले, दवाखान्यातले लोक, अंत्यविधी करणारे पाद्री अशा शेकडो माणसांना वर्षानुवर्षे गप्प ठेवते, हे मानायचे तर युवाल्डीत जे दिसले त्याच्या नेमके उलट मानावे लागते.

कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेच्या गोळीबारातही असेच झाले होते. तेथे २० एप्रिल १९९९ रोजी बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले. दोघा हल्लेखोरांपैकी एकाच्या घराची झडती घ्यावी यासाठी शेरीफच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पोलिसांच्या, खात्याने आदल्या वर्षीच एक प्रतिज्ञापत्र तयार केले होते. ते न्यायाधीशांपुढे कधी गेले नाही, आणि गोळीबारानंतर त्याबद्दल लोकांपासून लपवाछपवी झाली. तो कागद २००१ मध्ये उजेडात आला. पाणी मुरत होते ते तेथे, खात्याच्या कपाटात. मृतांच्या घरात नव्हे.

आता सँडी हूककडे वळते. १४ डिसेंबर २०१२ रोजी, कनेक्टिकटमधल्या न्यूटाउन गावी, सकाळी साडेनऊच्या सुमारास वीस वर्षांचा एक तरुण प्रवेशद्वाराशेजारची काच गोळ्यांनी फोडून शाळेत शिरला. निघण्यापूर्वी त्याने घरी आपल्या आईला मारले होते. पाच मिनिटांच्या आत त्याने १५४ गोळ्या झाडल्या. पहिलीतली २० मुले, सारी सहा-सात वर्षांची, आणि शाळेतल्या सहा स्त्रिया त्यात गेल्या, आणि मग त्याने स्वतःला संपवले.

त्या दिवशीच्या बातम्यांत चुका होत्या, त्याही मोठ्या. हल्लेखोर म्हणून आधी त्याच्या मोठ्या भावाचे नाव झळकले. त्याची आई त्याच शाळेत शिक्षिका होती, असे सांगितले गेले, ती नव्हती. रायफल गाडीतच राहिली होती, असे एका वाहिनीने सांगितले. प्रत्यक्षात गाडीत सापडली ती दुसरी बंदूक होती आणि रायफल शाळेत वापरली गेली होती. शेजारच्या झाडीत पोलिसांनी एका माणसाला अडवलेले हेलिकॉप्टरमधून दिसले; चौकशीत त्याचा हल्ल्याशी काही संबंध निघाला नाही. आपले यजमान रात्री एकला जे व्हिडिओ पाहतात ते बहुतेक या चार-पाच गोष्टींवर उभे असतात. पहिली बातमी वेगळी होती आणि नंतरची वेगळी आली, म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी कथा बदलली, असा त्यांचा धागा असतो.

उमेदवारीच्या काळात मी एका दैनिकात रात्रपाळीला होते. एकदा घाटात बस कोसळली. दहा वाजता डाक आवृत्तीचे पान सोडले तेव्हा बातमीत मृतांचा आकडा सतरा होता, आणि एक वाजता शहर आवृत्ती निघाली तेव्हा तो अकरा झाला होता, कारण एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवलेल्या जखमींची नावे दोन याद्यांत पडली होती आणि त्यातली काही मृतांच्या यादीत गेली होती. दोन दिवसांनी एक गृहस्थ दोन्ही अंक घेऊन कार्यालयात आले आणि टेबलावर शेजारी शेजारी पसरून त्यांनी विचारले, “बाकीचे सहा कुठे लपवलेत?” ते वेडे नव्हते. त्यांचा पुतण्या त्या बसने येणार होता आणि त्याचा पत्ता लागत नव्हता. पुतण्या पुढे सुखरूप सापडला. दोन अंक शेजारी ठेवले की त्यांमधल्या फटीतून कुणीतरी डोकावत असल्यासारखे वाटते, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. फट मात्र घाईची होती, डोकावणारे कुणी नव्हते. रचलेली गोष्ट पहिल्या तासापासून एकसारखी सांगता येते. घडलेली गोष्ट मात्र धक्का बसलेल्या माणसांकडून तुकड्यातुकड्याने कळते आणि म्हणून ती आधी वेडीवाकडीच येते.

पुढचा आक्षेप कागदपत्रांचा असतो. सरकारी वकिलांचा अहवाल नोव्हेंबर २०१३ मध्ये आला आणि डिसेंबरमध्ये राज्य पोलिसांनी हजारो पाने प्रसिद्ध केली, पण त्यांतला काही मजकूर झाकलेला होता आणि मुलांची छायाचित्रे दिलेली नव्हती. खून झालेल्यांची छायाचित्रे जाहीर करू नयेत, असा कायदा कनेक्टिकटने त्याच वर्षी केला होता. “खरंच झालं असेल तर दाखवत का नाहीत?” हा प्रश्न ऐकायला वाजवी वाटतो. तो कायदा मागायला कोण गेले होते, हे मात्र आपल्या यजमानांनी पाहावे. त्या मुलांचे आईबाप गेले होते. सहा वर्षांच्या लेकराचा गोळ्यांनी चाळण झालेला देह कुणाच्याही मोबाइलवर फिरू नये, एवढेच त्यांचे मागणे होते. आपल्याकडे घरातले माणूस गेले की त्याचा चेहरा शेवटचा कुणी पाहायचा हे घरचे ठरवतात. तेच त्यांनी ठरवले. जुनी इमारत पाडली तेव्हाही पुरावा नष्ट केला अशी ओरड झाली. ज्या वर्गात मुले मेली तेथे उरलेल्या मुलांना पुन्हा बसवायचे नव्हते, हे कारण कुणी ध्यानात घेतले नाही.

त्या आईबापांच्या वाट्याला पुढे काय आले, ते मला जरा सविस्तर सांगायचे आहे. घटनेच्या दुसऱ्या संध्याकाळी एक तरुण वडील कॅमेऱ्यांसमोर यायला निघाले. चालताना शेजारच्या माणसाशी बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आले, मग त्यांनी खोल श्वास घेतला आणि मुलीबद्दल बोलायला सुरुवात केली. आपल्याकडे तिरडीपाशी बसलेली माणसेही मधेच गेलेल्याची एखादी आठवण निघाली की हसतात आणि पुढच्याच क्षणी ओक्साबोक्शी रडतात. हे ज्याने पाहिले नाही असा माणूस विरळा. पण त्या काही सेकंदांचे चित्रण वर्षानुवर्षे फिरवले गेले, आणि हा भाड्याने आणलेला नट आहे, असे लाखोंना सांगितले गेले. रस्त्यात गाठून लोक त्यांना विचारीत की सरकारने किती पैसे दिले. दुसऱ्या एका वडिलांनी, लोकांची खरेच शंका असेल तर ती फिटावी म्हणून, आपल्या मुलाचा मृत्यूचा दाखला आणि शाळेचे प्रगतिपुस्तक सर्वांसमोर ठेवले. दाखला बनावट आहे, असे उत्तर आले. तसे छापणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकावर त्यांनी विस्कॉन्सिनमध्ये दावा लावला. ते विधान खोटे आणि बदनामीकारक असल्याचे न्यायालयाने ठरवले आणि २०१९ मध्ये ज्यूरीने साडेचार लाख डॉलरची भरपाई दिली. त्याच वडिलांना जिवे मारण्याच्या धमक्या देणाऱ्या फ्लोरिडातल्या एका स्त्रीला २०१७ मध्ये पाच महिन्यांची कैद झाली. या माणसाला जिवाच्या भीतीने पुन्हा पुन्हा घर बदलावे लागले.

हे सारे सर्वांत मोठ्या आवाजात पसरवणारा माणूस म्हणजे ‘इन्फोवॉर्स’ हा कार्यक्रम आणि संकेतस्थळ त्या वेळी चालवणारा ॲलेक्स जोन्स. कुटुंबांनी २०१८ मध्ये त्याच्यावर दावे लावले. ऑगस्ट २०२२ मध्ये टेक्सासच्या ज्यूरीने सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलरची, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये कनेक्टिकटच्या ज्यूरीने ९६ कोटी ५० लाख डॉलरची भरपाई ठरवली. त्यावर न्यायाधीशांनी पुढच्या महिन्यात आणखी ४७ कोटी ३० लाखांचा दंड घातला, आणि २०२४ मध्ये अपील न्यायालयाने त्यातून १५ कोटी वजा केले. आपले यजमान येथे एक मुद्दा काढतील आणि तो खोटा नाही. जोन्स दोषी ठरला तो पुराव्याची छाननी होऊन नव्हे. त्याने न्यायालयाने मागितलेली कागदपत्रे आणि माहिती दिली नाही म्हणून न्यायाधीशांनी एकतर्फी निर्णय दिला, आणि ज्यूरीने फक्त भरपाई किती ते ठरवले. आपण हा मुद्दा मान्य करावा आणि त्यांना एवढेच विचारावे की ज्याच्या हाती एवढ्या मोठ्या कटाचा पुरावा होता, त्याला तो साऱ्या देशासमोर शपथेवर मांडायची संधी आयती चालून आली असताना त्याने कागदच का दिले नाहीत? आणि टेक्सासमध्ये साक्षीला उभा राहिल्यावर, ती घटना शंभर टक्के खरी आहे असे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केले, ते कशासाठी? ज्यांच्या व्हिडिओंवर आपल्या यजमानांनी झोप घालवली त्यांचा म्होरक्या केव्हाच मागे फिरला आहे. मागे राहिले ते त्याचे ऐकणारे.

याने आणखी एक नुकसान झाले, आणि मला त्याची फार चीड येते. न्यूटाउनमध्ये विचारण्यासारखे खरे प्रश्न होतेच. इतक्या आजारी मुलाच्या हाताशी घरात एवढी शस्त्रे कशी होती, वर्षानुवर्षे शाळेच्या आणि डॉक्टरांच्या नजरेतून काय निसटले, हे कनेक्टिकटच्या बालहक्क अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने नोव्हेंबर २०१४ च्या अहवालात मांडले आणि हुकलेल्या संधी दाखवून दिल्या. तो अहवाल शंकेखोरांनी वाचावा असा होता. पण शंका घ्यायची ती सारी शक्ती एका बापाच्या हसण्यावर खर्च झाली.

आपल्याला हा फरक मराठी माणसाच्या ओळखीच्या उदाहरणातून दाखवायचा असेल, तर २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवावी. मुंबईत कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत पोलीस अधिकारी अशोक कामटे मारले गेले. त्या रात्री काय घडले याची पोलिसांनी दिलेली हकिगत त्यांच्या पत्नी विनिता कामटे यांना पटली नाही. त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केले, नकार पचवले, आणि नियंत्रण कक्षातल्या संभाषणाच्या नोंदी मिळवून कुमक कधी मागितली गेली होती ते लोकांपुढे ठेवले. ही शंका होती, आणि जिचे माणूस गेले होते तिनेच ती घेतली होती. ती नियंत्रण कक्षाच्या दारावर गेली. दुसऱ्या कुणाच्या विधवेच्या दारावर गेली नाही.

आता घरातले. यजमानांशी रात्री एक वाजता बोलू नये. मुलीसमोर बोलू नये. भारतातल्या दिरा-नणंदांना, मित्रांना मध्ये घालून त्यांना समजावायला लावू नये. ते चारचौघांत तोंडघशी पडले, तर त्याच व्हिडिओंकडे अधिकच वळतील, कारण तेथे त्यांना कुणी मूर्ख म्हणत नाही. दुवे पाठवून दुव्यांना उत्तर देऊ नये. रविवारी सकाळी चहाच्या वेळी, मुलगी घरात नसताना, एकच गोष्ट विचारावी : “असा कोणता कागद आहे, की तो दाखवला तर तुझी खात्री पटेल?” त्यांनी एखादा कागद सांगितला, तर दोघांनी मिळून तो शोधावा; बहुतेक तो सापडेल. कोणताच कागद चालणार नाही असे ते म्हणाले, तर त्यांना ते स्वतःच्या कानांनी ऐकू द्यावे आणि त्यावर आपण काही बोलू नये. मृत्यूचा दाखला दाखवला तर बनावट, प्रगतिपुस्तक दाखवले तर बनावट, साक्ष दिली तर नट, असे होत राहिले की त्याला शंका म्हणत नाहीत, हे शिकलेल्या माणसाला दुसऱ्याने सांगावे लागत नाही. वेळ मात्र लागतो.

आपल्या पत्रातल्या एका गोष्टीकडे मी पुन्हा पुन्हा वळते. मुलीने विचारले, “खरंच कुणी बंदूक घेऊन आलं तर?” आणि त्यांनी उत्तर दिले की असे काही घडतच नाही. मी त्यांना ओळखत नाही, त्यांच्या मनात काय आहे ते ठामपणे सांगणार नाही; पण सात वर्षांच्या मुलीच्या बापाला या प्रश्नावर दुसरे कोणते उत्तर सहन झाले असते, याचा आपण विचार करावा. ते सारे नाटक असेल तर तो कोपरा, तो अंधार, ती गप्प बसलेली वीस-बावीस मुले, या कशाचाच काही अर्थ उरत नाही आणि बाप निश्चिंत झोपू शकतो. ते तर झोपतच नाहीत. हे त्यांच्यापाशी बोलून पाहावे. “मलाही भीती वाटते,” एवढ्याच शब्दांनी सुरुवात होऊ शकते. रात्रीचे जागरण तरीही थांबले नाही, कामावर परिणाम होऊ लागला, किंवा ते त्या कुटुंबांतल्या कुणाला निरोप पाठवू लागले, तर मात्र थांबू नये. पहिल्या दोन बाबतींत समुपदेशकाकडे जावे. तिसरे दिसले, तर त्यांना त्याच दिवशी आणि कठोरपणे सांगावे की येथे कायदा आडवा येतो आणि माणसे तुरुंगात गेली आहेत.

मुलीला खरे सांगावे. असे घडले आहे, फार क्वचित घडते, आणि घडलेच तर काय करायचे हे शिकवण्यासाठी तो सराव असतो. तारखा नकोत, आकडे नकोत, चित्रण तर मुळीच नको. बाबा चुकले हे आपण तिला सांगण्यापेक्षा बाबांनीच तिला सांगितले तर फार बरे होईल, आणि त्यासाठी आठ-पंधरा दिवस थांबावे लागले तरी थांबावे. शिक्षिकेला मात्र लगेच फोन करावा. तो सराव चालू असताना मुलांजवळ असते ती तीच, आणि सँडी हूकमध्ये मुलांबरोबर शाळेतल्या त्या सहा स्त्रियाही गेल्या होत्या.

आणि यजमानांच्या शंकेला एक पत्ता द्यावा. २०१८ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या पार्कलँडमध्ये १७ जण मारले गेले, त्यांत मूळची न्यू जर्सीची एक मुलगी होती. तिच्या नावाने न्यू जर्सीने २०१९ मध्ये कायदा केला, की सार्वजनिक शाळांत थेट पोलिसांना कळवणारी, आवाज न करणारी धोक्याची घंटा असावी. तिच्या आईबापांनी त्यासाठी खेटे घातले होते. आपल्या मुलीच्या शाळेत ती घंटा बसवली आहे का, ती शेवटची कधी तपासली, दाबल्यावर ती कुठे वाजते, वर्गाचे दार आतून कुलूपबंद करता येते का आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, पोलीस आले की हुकूम कुणाचा चालतो, हे प्रश्न त्यांनी लिहून काढावेत. शिक्षण मंडळाच्या बैठकीत पालकांना बोलायला वेळ असतो. पुढच्या बैठकीची तारीख आपण आजच पाहून ठेवावी, त्या संध्याकाळी मुलीला एखाद्या मैत्रिणीकडे सोडावे आणि दोघांनी मिळून जावे. प्रश्न त्यांना विचारू द्यावेत. “व्यवस्था आहे” एवढ्या मोघम उत्तरावर त्यांची बोळवण झाली, तर ते पुन्हा उठून विचारतील, आणि त्या वेळी आपण त्यांच्या शेजारी बसलेल्या असाव्यात.